जाळीच्या आतला

मी दिवसभर पांढऱ्या चादरी इस्त्रीच्या रुळात घालते आणि संध्याकाळी घरी येऊन कबुतरांची घाण खरवडते. आता तुम्हीच सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? हॉटेलच्या तळघरात आमची लाँड्री आहे. तिथे चादरीवर मोहरीएवढा डाग राहिला तरी सुपरवायझरबाई ती चिमटीत धरून सगळ्यांसमोर नाचवतात. आणि घरी, माझ्याच दोरीवर, माझ्याच कपड्यांवर हे हिरवे-पांढरे शिंतोडे. "मेल्यांनो, एवढं गाव सोडून माझीच गॅलरी सापडली का तुम्हाला?" असं मी रोज ओरडायचे. ती कठड्यावर बसून मान पुढे-मागे हलवायची, जणू हो म्हणतायत. त्याने तर माझा पारा आणखीच चढायचा.

सासूबाईंचा मात्र त्या कबुतरांवर जीव. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवर आहेत, आणि खाट गॅलरीच्या काचेच्या दाराशी आहे, कारण आमच्या दोन खोल्यांत उजेड काय तो तिथेच येतो. हाड जुळलं, पण पायांनी पुन्हा म्हणून धीर धरला नाही. दिवसभर पडून बघायला त्यांना दोनच गोष्टी. इकडे घराचं दार, तिकडे गॅलरी. दारातून आम्ही दोघं ये-जा करणार, गॅलरीत कबुतरं. त्यातल्या एका जोडीची त्यांनी नावंही ठेवली होती. छाती काढून चालणारा, शेपटीत एकच पांढरं पीस असलेला तो साहेब, आणि एका पायाचं बोट तुटलेली ती बारकी. मी कामावरून आले की घोटभर पाणी प्यायच्या आधी मला साहेबांच्या बातम्या.

"आज काय गंमत झाली माहितीये? साहेबाने काडी आणली, बारकीला पसंत पडली नाही. टाकून दिली तिने. हा बिचारा पुन्हा निघाला दुसरी शोधायला. तुझे सासरे असते तर म्हणाले असते, बस तशीच!"

मी "हं" म्हणायचे. कानात रुळांची घरघर बसलेली असायची, त्यात कोण कुणाची काडी आणतंय याचं मला काय होतं? एकदा तर त्या म्हणाल्या, "अगं, ती आपल्याला तोंडावरून ओळखतात. तू आलीस की कशी सरकून बसतात, मुलगा आला की हलतसुद्धा नाहीत." मी म्हटलं, "बरं आहे, निदान कुणीतरी मला घाबरतं."

आमच्या घराचा एक कायदा आहे, तो आधी सांगायला हवा. आमचे हे शीतगृहात रात्रपाळी करतात, मी दिवसपाळी. हे सकाळी येतात तेव्हा मी चपला घालत असते, मी संध्याकाळी येते तेव्हा हे बूट. आईंना एकटं ठेवता येत नाही, म्हणून एक आल्याशिवाय दुसऱ्याने घर सोडायचं नाही. दारातच आम्ही एकमेकांना घर सोपवतो. ताबा देणं म्हणतो आम्ही त्याला. "गोळी दिली. बाथरूमला नेऊन आणलं. दूध संपलंय. जाते." झालं. हल्ली आमचा संसार म्हणजे दारातली ही चार वाक्यं. आणि कायदा असा, की ज्याने काम हातात घेतलं त्यानेच ते पुरं करायचं, दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. उगाच नाही केला हा कायदा. एकदा मी आईंना रक्तदाबाची गोळी देऊन गेले, आणि ह्यांनी काळजीपोटी पुन्हा तीच दिली. आईंचे डोळे फिरले, हातपाय गार पडले, स्ट्रेचरवरून जिने उतरवावे लागले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आणि कायदा जाहीर केला. तुमचं ते तुमचं, माझं ते माझं.

रविवारी आम्ही दोघंही घरी असतो. त्या रविवारी मी दोरीवरून पांढरा अभ्रा काढला, तर मधोमध हा एवढा शिंतोडा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शीतगृहात क्रेट झाकायला नायलॉनची जाळी वापरतात, तिचा एक मोठा तुकडा ह्यांनी कधीचा आणून ठेवला होता. मी म्हटलं, आज बांधायचीच. "बांधू गं, जरा पाठ टेकू दे," म्हणून हे आत गेले ते घोरायलाच लागले. मग मीच पदर खोचला आणि स्टूल ओढलं.

वरचा पाइप झाला, दोन्ही बाजू झाल्या, खाली आले. गॅलरीच्या कोपऱ्यात पाण्याचं जुनं पिंप आहे आणि त्याच्यामागे एक पुठ्ठ्याचा खोका. कबुतरांचा सगळा कारभार त्या खोक्यात. बारकी तिथून उडून बाहेर गेलेली मी नुकतीच पाहिली होती. म्हटलं, चला, सुंठेवाचून खोकला गेला.

"अगं थांब," आई खाटेवरून म्हणाल्या. "बारकी गेली म्हणजे साहेब आत आला असणार. रात्री ती बसते, दिवसा तो. ताबा दिल्याशिवाय नाही जात ती दोघं. अंडी आहेत आत."

"आई, मी आत्ता ह्या डोळ्यांनी बघितलं. उडालं ते."

तेवढ्यात पिंपामागून आवाज आला. अगदी हळू, घशातल्या घशात. घुं.

मी तो ऐकला. खोटं कशाला बोलू? ऐकला. वरच्या मजल्यावरून आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, कारण हात भरून आले होते, चारच गाठी राहिल्या होत्या, आणि पिंप सरकवायचं म्हणजे बांधलेली अर्धी जाळी सोडायला लागली असती.

"ऐकलंस ना?" आई म्हणाल्या. "जरा मागे डोकावून बघ तरी."

"पडल्या पडल्या सूचना करायला काय जातं!" माझी जीभ सुटली. "इथे उभं राहून मरतंय कोण? जरा गप्प बसा की!"

आईंनी अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटून घेतले. मी उरलेल्या गाठी मारल्या. चांगल्या घट्ट मारल्या.

संध्याकाळी बारकी परत आली ती थेट जाळीवर आदळली. फडफड, पुन्हा फडफड. मी ओट्यापाशी होते. ह्यांना हाक मारून म्हटलं, "बघा, चालते की नाही जाळी!" हे हसले. फडफड बराच वेळ चालली, आणि एक-दोनदा मला वाटलं, ही बाहेरून येत नाहीये. मी गॅलरीचं दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि रेडिओ मोठा केला.

सोमवारी आई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. "चहा?" मान हलली. "पाठ चोळू का?" मान हलली. मी मनात म्हटलं, रुसल्यात, येतील ताळ्यावर. ह्यांना ताबा दिला आणि गेले. संध्याकाळी बस अडकली, मी धापा टाकत जिना चढले, तर हे बूट घालून दारातच. "गोळी दिली, सिलिंडर उद्या येणार, आईने जेवण नीट केलं नाही, गेलो मी!" आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेलेसुद्धा. दिवसा उजेडासाठी उघडलेला पडदा मी पुन्हा ओढला, गॅलरीत डोकावलेही नाही. सगळं स्वच्छ असणार याची खात्री होती ना मला!

मंगळवारी सकाळी टॉवेल वाळत घालायला दार उघडलं. फरशी खरंच स्वच्छ होती. फक्त जाळीच्या खालच्या कडेला पिसं अडकली होती. करडी, बारीक, आणि आतल्या बाजूने.

मी पिंप जाळीसकट धरून ओढलं.

साहेब खोक्यात बसला होता. चोचीच्या वर पांढरा उंचवटा असतो ना त्यांच्या, तो सोलवटून लाल झाला होता. त्याने जाळीवर किती धडका मारल्या असतील ते तेवढ्यावरून कळत होतं. तोंड किंचित उघडं. मी इतकी जवळ गेले तरी तो उठला नाही. नुसता एक पंख उचलून त्याने माझ्या हातावर फाडकन मारला, आणि म्हणाला, घुं. तोच आवाज. रविवारचा.

आणि काय सांगू, त्या अवस्थेतही त्याची मान चमकत होती. पाण्यावर रॉकेलचा थेंब पसरला की कसे रंग सुटतात, तशी. तो श्वास घेत होता आणि हिरव्याचं जांभळं होत होतं, जांभळ्याचं हिरवं. इतकी वर्षं मी ह्या पाखरांना करडी, घाणेरडी म्हणत आले होते. डोळा नारिंगी, आणि त्या डोळ्याने तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. त्याच्या पोटाखालून एक पिवळं लव आलेलं डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. पिल्लं झाली होती.

मागे दाराची कडी वाजली. हे आले होते.

"अहो, इकडे या! आत अडकलाय हा!"

"अरेच्चा!" ह्यांनी कपाळावर हात मारला. "आई काल म्हणाली होती मला. आत राहिलाय, जाळी काप म्हणून. मी म्हटलं, तिचं काम आहे, तिलाच सांगतो संध्याकाळी. मग तुला उशीर झाला आणि..."

"आणि तुम्ही झोपलात? कापायची नाही तेव्हाच?"

"तुझं काम होतं ना," हे म्हणाले. "आपला कायदा..."

"कायदा गेला खड्ड्यात!" मी किंचाळले. पण कायदा माझाच होता. आणि ह्यांच्या मागे, खाटेवरून, आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला का नाही सांगितलं, हे विचारायला माझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गप्प बसा म्हटलं होतं मी. त्या गप्प बसल्या होत्या.

कात्री घेऊन मी जाळी कापली. खालची सगळी कापली, वेडीवाकडी, बोटाला लागलं तरी कापली. समोर सगळं आभाळ मोकळं झालं. साहेब उठला नाही. मी वाटीत पाणी ठेवलं. त्याने वाटीकडे बघितलं, मान खाली घातली, आणि बसून राहिला.

"उड की बाबा!" हे म्हणाले. "आता कशाची वाट बघतोयस?"

"अरे, तो कसा उठेल?" आई ह्यांना म्हणाल्या. मला नाही, ह्यांना. "खाली उघडी पिल्लं आहेत. बारकी आल्याशिवाय तो नाही जागा सोडायचा. ती बघ कुठे बसलीये. परवापासून तिथेच आहे. पण ती उभी आहे तिथे तोवर यायची नाही. तिला आत बोलाव."

समोरच्या इमारतीच्या कठड्यावर बारकी होती. अंग फुगवून बसली होती. आई जिला 'ती उभी आहे' म्हणाल्या ती मी, हे कळायला मला क्षण लागला. मी मागे मागे सरकत आत आले. काय करू? कामाची वेळ टळून गेली होती. मी चपला घातल्या. त्या दिवशी ताबा द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

लाँड्रीत चादर रुळात घालायला दोघी लागतात. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि एकदमच पुढे सोडायचं. एकीचा हात जरा मागे राहिला तर घडी पडते आणि ती घडी रुळातून निघते ती कायमची. माझी जोडीदारीण काम करताना शिट्टी वाजवते म्हणून तिचं नावच शिट्टी. त्या दिवशी माझ्या बाजूला इतक्या घड्या पडल्या की तिची शिट्टी बंद झाली.

"काय गं, नवऱ्याशी वाजलं का?"

"नाही."

"मग सासूशी."

मी पुढच्या चादरीचं टोक उचललं. चहाच्या सुट्टीत जिन्यात गेले आणि घरी फोन लावला. आईंच्या उशाशी असतो फोन, काही लागलं तर म्हणून. वाजत राहिला. मग उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास.

"आई, मी बोलतेय."

श्वास.

"आली का ती?"

मग त्या म्हणाल्या, "नाही," आणि फोन ठेवला.

मी परत आले, चादरी धरल्या. एकच विचार डोक्यात. बारकी आली नाही तर तो तिथेच बसून राहील. समोर पाणी असताना, समोर उघडं आभाळ असताना. उठून दोन घोट प्यायला असता तर कोण काय म्हणणार होतं त्याला? मी तर अर्धी जाळी सोडायच्या कंटाळ्याने त्याला आत ठेवला होता. जनावराला अक्कल नसते म्हणायची मी! अक्कल कुणाला नव्हती?

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता पुन्हा फोन लावला. या वेळी पहिल्या घंटेला उचलला.

"आली," आई म्हणाल्या. "आधी कठड्यावर बसून चारी बाजूंना बघून घेतलं तिने. मग आत. दोघं जरा वेळ डोक्याला डोकं लावून उभी राहिली. मग साहेब गेला. उडताना खाली खाली जात होता गं. वाटलं पडतोय. पण गेला."

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि हमसून रडले. शिट्टी धावत आली. "अगं बाई, कोण गेलं घरात?"

"कोणी नाही. कबूतर आलं."

तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळी हे दारात उभे होते, पण बूट अजून घातले नव्हते. हे असं कधी होत नाही. मला घाईघाईने काही सांगितलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली.

"एक पिल्लू गेलं," हे म्हणाले. "दुपारी आईने दाखवलं. बारकीने चोचीने कडेला सारून ठेवलं होतं. मी काढून खाली झाडाशी पुरलं. दुसरं आहे. बारकी बसलीये त्याच्यावर."

"केवढं होतं?"

ह्यांनी अंगठा दाखवला.

हे गेले. मी खाटेच्या कडेला बसले. गॅलरीकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून माझ्याच बोटावरच्या कात्रीच्या जखमेकडे बघत राहिले. कबुतरांच्या अंगात पिल्लांसाठी दूध तयार होतं म्हणे, आईच्याही आणि बापाच्याही. आईंनीच कधीतरी सांगितलं होतं, मी "हं" म्हटलं होतं. दोघांचं काम त्याने एकट्याने केलं, उपाशीपोटी, जेवढं अंगात होतं तेवढं. ते एकाच पिल्लापुरतं झालं.

"आई," मी म्हटलं, "रविवारी तो आवाज मी ऐकला होता."

"मला माहितीये," आई म्हणाल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, मला येतं ते. पण त्या एवढंच म्हणाल्या आणि माझा कापलेला हात स्वतःकडे ओढून त्यावर फुंकर घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आता सगळा घोर साहेबाचा. तो परत आला नाही तर बारकी एकटी पिल्लू सोडून चरायला जाऊ शकत नव्हती, आणि चरली नाही तर दुसरंही गेलं. बुधवारी मी चहाच्या सुट्टीला फोन केला. "नाही अजून." जेवणाच्या सुट्टीला केला. "नाही गं. बारकी सारखी उठून बघतेय." सुपरवायझरबाई म्हणाल्या, हे काय चाललंय, घरी कोणी आजारी आहे का? मी हो म्हटलं. मग निघायच्या आधी माझाच फोन वाजला. आईंनी स्वतः लावला होता.

"आला! उशीर केला, पण आला. बारकीने आधी चोच मारली त्याला, मग जागा दिली."

मी तिथल्या तिथे, चादरींच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून हसले.

पण साहेब मला विसरला नाही. इतर कोणीही गॅलरीत गेलं तरी तो बसून राहायचा. माझी सावली काचेवर पडली की ताडकन उभा, पंख उचललेला, घशातून घुं. हे पाणी ठेवत तर त्यांच्या बोटांपर्यंत येई. मी दाणे ठेवले तर मी आत जाऊन, पडदा ओढून, बऱ्याच वेळाने खायचा. म्हटलं, थांबा, तुम्हाला फसवते. ह्यांचं कामाचं जाड जॅकेट घातलं, टोपी कपाळापर्यंत ओढली, ह्यांचे बूट घातले आणि ह्यांच्यासारखी पाय फेकत गॅलरीत गेले. साहेबाने मान वाकडी करून आधी एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. आणि फाडकन पंख मारला.

आतून आईंच्या हसण्याचा आवाज आला. "अगं, कपड्यांना नाही ओळखत ती! तोंड बदल, तोंड!"

मीही हसले. मग टोपी काढून हातात धरली आणि मला हसू येईना. शहरात एवढी माणसं आहेत, आणि ह्या पाखराने त्यातलं एकच तोंड लक्षात ठेवलं होतं. तसं का ठेवलं हे मला आणि त्याला, दोघांनाच नीट माहीत होतं.

पुढच्या रविवारी आई म्हणाल्या, "तुला बघायचंय ना? ये इथे. पड."

"कुठे?"

"इथे माझ्याजवळ. खाटेवरच्या माणसाला ती काही करत नाहीत. खाटेचं त्यांना भय नाही."

त्या भिंतीकडे सरकल्या. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले आणि त्यांनी आपली चादर माझ्या अंगावर घातली. एवढ्या जवळ मी त्यांच्या कधी गेले नव्हते. उचलायला, पुसायला, कूस बदलायला जायचे, पण ते काम. त्या खाटेवरून काय दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. छत दिसतं, त्यावरची एक भेग दिसते. दारात कोणी आलं की आधी चपला दिसतात. रोज सकाळ-संध्याकाळ त्या चपलांच्या वरून आमचा आवाज येत असणार. गोळी दिली, बाथरूमला नेऊन आणलं. त्यांच्याबद्दल, त्यांच्या अंगावरून, त्या तिथे नसल्यासारखा. कबुतरांनी काडी आणली की त्या मला का सांगत होत्या, ते मला तेव्हा कळलं. दिवसभरात दुसरं त्यांना कोण काय सांगत होतं?

साहेब कठड्यावर उतरला. त्याने खाटेकडे बघितलं. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. मी श्वास रोखला. मग तो तुरुतुरु चालत खोक्याकडे गेला. बारकी उठली नाही लगेच. त्याने तिच्या मानेची पिसं चोचीने विंचरली, तिने डोळे मिटले. ऊन दोघांच्या मानांवर आलं होतं आणि नुसते रंग चालले होते. मग ती बाजूला झाली, तो पिल्लावर बसला, तरी ती गेली नाही. काहीच काम नसताना उभी राहिली त्याच्याजवळ. मग उडाली. आम्ही नवरा-बायको दारात एवढं शेवटचं कधी थांबलो होतो?

"आई, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला माफ करा."

चादरीखाली त्यांचा हात माझ्या हातावर होता, तो त्यांनी काढला नाही, एवढंच.

तेवढ्यात हे पाण्याची वाटी घेऊन गॅलरीत शिरले, धप धप पाय वाजवत.

"अहो, हळू!" मी खाटेवरूनच म्हटलं. "तिथे नको, त्याच्या तोंडासमोर नको. जरा डावीकडे. अजून. आणि त्या पिंपाला धक्का लावू नका!"

आईंना हसू फुटलं. अंग हलेपर्यंत हसल्या त्या.

"पडल्या पडल्या सूचना करायला काय जातं, नाही गं?"

ह्यांना त्यातलं काही कळलं नाही, तरी हेही हसले. खोक्यातलं पिल्लू चिवचिवलं, साहेबाने त्याला पोटाखाली घेतलं. मी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटून घेतले.